वॉरफरिन

वॉरफरिन हे रक्ताच्या गुठळ्या होण्यास प्रतिबंध करणारे, तोंडावाटे घ्यावयाचे औषध आहे. व्यवहारात त्यास 'रक्त पातळ करणारी गोळी' म्हणतात; मात्र त्यामुळे रक्ताचा दाटपणा कमी होत नाही, तर रक्त गोठण्याची क्रिया मंदावते. हृदयात कृत्रिम धातूची झडप बसविल्यानंतर, एट्रियल फिब्रिलेशन या अनियमित ठोक्यांच्या विकारात, तसेच पायांतील खोल शिरांत किंवा फुफ्फुसांत गुठळी झाल्यास ते दिले जाते. भारतात याच गटातील असेनोकूमॅरॉल हे औषधही प्रचलित आहे.

इतिहास

१९२०च्या दशकात उत्तर अमेरिकेत बुरशी आलेला स्वीट क्लोव्हरचा चारा खाऊन गुरे रक्तस्रावाने मरू लागली. विस्कॉन्सिन विद्यापीठातील कार्ल पॉल लिंक व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या चाऱ्यातून डायकूमॅरॉल हे कारणीभूत द्रव्य वेगळे केले. त्याच कुळातील वॉरफरिन १९४८ मध्ये उंदीर मारण्याचे विष म्हणून बाजारात आले आणि १९५४ मध्ये अमेरिकेत मानवी उपचारांसाठी त्यास मान्यता मिळाली.

कार्य

रक्त गोठविणारे काही घटक यकृतात तयार होताना 'के' जीवनसत्त्वाची गरज असते. वॉरफरिन या जीवनसत्त्वाच्या पुनर्वापरात अडथळा आणते. रक्तात आधीपासून असलेले घटक संपण्यास काही दिवस लागतात. म्हणून मात्रेतील बदलाचा परिणाम त्याच दिवशी दिसत नाही.

मात्रा व रक्ततपासणी

उपयुक्त आणि घातक मात्रेतील अंतर फार थोडे असते. मात्रा कमी पडल्यास गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो, अधिक झाल्यास रक्तस्राव होतो. एकाच वजनाच्या दोन व्यक्तींनाही निरनिराळी मात्रा लागू शकते. त्यामुळे ती आयएनआर या रक्ततपासणीवरून ठरवितात. औषध न घेणाऱ्या निरोगी व्यक्तीत हा अंक सुमारे १ असतो. बहुतेक रुग्णांत तो २ ते ३ च्या दरम्यान राखतात, तर काही कृत्रिम झडपांसाठी थोडा अधिक ठेवतात.

गोळी रोज ठरावीक वेळी घ्यावी लागते. चुकलेली गोळी त्याच दिवशी आठवल्यास घेता येते. दुसऱ्या दिवशी मात्र दुप्पट मात्रा घेऊ नये. वॉरफरिन व असेनोकूमॅरॉल यांचे मिलिग्रॅम समतुल्य नसल्याने एकाऐवजी दुसरे परस्पर घेणे धोक्याचे असते.

आहार व अन्य औषधे

पालक, मेथी, कोथिंबीर, कोबी यांत 'के' जीवनसत्त्व असते. या भाज्या वर्ज्य नाहीत. त्यांचे प्रमाण दर आठवड्यास साधारण सारखे असावे. श्रावणातील उपवासांसारख्या काळात आहार एकाएकी बदलल्यास आयएनआरही बदलू शकतो. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन यांसारख्या वेदनाशामकांनी रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेट्रोनिडाझोल व फ्लुकोनाझोल वॉरफरिनचा परिणाम वाढवितात, तर क्षयरोगावरील रिफाम्पिसिन तो घटविते. दात काढण्यापूर्वी किंवा शस्त्रक्रियेपूर्वी या औषधाची माहिती देणे आवश्यक असते. परंतु गोळी स्वतःहून बंद करू नये. गर्भावस्थेत हे औषध गर्भास अपायकारक ठरू शकते.

धोक्याची लक्षणे

काळी शौचास होणे, लघवीतून रक्त जाणे, नाकातील रक्त न थांबणे, अकारण निळे डाग पडणे किंवा अचानक तीव्र डोकेदुखी होणे ही रक्तस्रावाची लक्षणे होत. डोक्याला मार लागल्यास बाहेरून जखम दिसत नसली तरी तातडीने रुग्णालयात जावे लागते. 'के' जीवनसत्त्व हा वॉरफरिनवरील उतारा असून तो वैद्यकीय देखरेखीखाली देतात.