एका भाकरीच्या चार भाकऱ्या

बालपणाविषयी आपण मोठ्या ठामपणे बोलतो. पण पहिल्या तीन वर्षांतले आपल्याला आठवते किती? मानसशास्त्रज्ञ सांगतात, जवळजवळ काहीच नाही. त्या काळाचे साक्षीदार म्हणजे घरातली वडीलधारी माणसे. माझीही ही हकीकत आजीच्या तोंडची.

गंगाखेड तालुक्यातल्या आमच्या घरी ज्वारीची भाकरी हेच मुख्य अन्न. चार वर्षांचा असताना मी म्हणे अधिक भाकरीसाठी हटून बसे. आजी वाद घालीत नसे. पानातल्याच भाकरीचे चार तुकडे करी आणि म्हणे, "घे, चार झाल्या!" मी खूश! आत्या मला 'भोळा सांब' म्हणून चिडवी.

हा भोळेपणा माझा एकट्याचा नव्हता, हे पुढे जाँ पियाजे या स्विस शास्त्रज्ञाचे विवेचन वाचताना कळले. मातीचे दोन सारखे गोळे मुलापुढे ठेवावेत आणि एक वळून लांब करावा. चार-पाच वर्षांचे मूल बहुधा सांगते, "लांबट आहे त्यात माती जास्त." सातएक वर्षांचे झाले की तेच म्हणते, "घातले नाही, काढले नाही; मग वाढेल कसे?" तेव्हा आधीचे उत्तर मठ्ठपणाचे नव्हे, त्या वयाच्या तर्काचे.

पियाजेंप्रमाणेच १८९६ साली जन्मलेले रशियातील व्हिगॉट्स्की यांनी दुसरी बाजू मांडली: मूल आज मोठ्यांच्या आधाराने जे करते, ते उद्या एकट्याने करते. आजी माझा हात धरून परातीत पिठाचा गोळा थापून घेई, तो हाच आधार.

आपल्याकडे ताराबाई मोडक यांनी १९४५ साली बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. महागड्या साधनांऐवजी शिंपले, बिया, खडे वापरून त्यांनी मुलांना शिकविले. घरात असेल त्यातूनच मूल शिकते, हा विश्वास त्यामागे होता.

हे सारे आज सांगायचे कारण असे. आमच्या शेजारचे एक चार वर्षांचे मूल नुकतेच 'गणितात कच्चे' असा शेरा घेऊन बालवाडीतून घरी आले. आईचे डोळे भरले, वडिलांनी शिकवणी शोधायला घेतली. मूल मात्र त्या दिवसापासून आकडा विचारला की गप्प बसते. कच्चेपणाहून हे गप्प बसणे अधिक काळजीचे.

या दिवाळीत चार वर्षांच्या मुलापुढे एक लाडू फोडा आणि लाडू वाढला का, विचारा. उत्तर 'हो' आले, तर दुरुस्त करू नका. दोन-तीन वर्षे थांबा. तेच तुम्हाला दुरुस्त करील.