लंगडणारा कुत्रा आणि आपले औषधांचे कपाट

मुलांच्या हट्टापायी आपल्या बऱ्याच घरांत कुत्रा येतो आणि बघता बघता घरचाच होऊन बसतो. न्यू जर्सी, कनेटिकट, पेनसिल्व्हेनिया या भागातल्या मंडळींनी त्याच्याबरोबर येणारी एक पाहुणीही ओळखून असावी. ती म्हणजे गोचीड.

गावाकडे गाई-म्हशींच्या कानामागे टपोऱ्या गोचिडी आपण पाहिल्या आहेत. इथली हरणांवर वाढणारी गोचीड मात्र इवलीशी. लहान असताना खसखशीएवढी, मोठी झाली की तिळाएवढी. लाइम रोगाचे जंतू ती पसरवते. १९७५च्या सुमारास कनेटिकटमधल्या लाइम गावाच्या परिसरात अनेक मुलांचे सांधे सुजू लागले. त्यावरून रोगाला हे नाव पडले.

कुत्र्यात लक्षणे दिसायला दोन ते पाच महिने लागतात. आमच्या मोतीचा सोमवारी पुढचा उजवा पाय दुखत होता, गुरुवारी मागचा डावा! अंगात ताप, आणि लॅब्रडॉर असूनही जेवणाकडे पाठ. फोनवर एका स्नेह्यांनी सुचवले, "अहो, अर्धी काँबिफ्लाम द्या की!"

सल्ला प्रेमाचा, पण घातक. या गोळीत आयब्युप्रोफेन आणि पॅरासिटामॉल असते. आयब्युप्रोफेनने कुत्र्याच्या पोटात व्रण होतात, मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. शिवाय लाइममुळे काही कुत्र्यांची, विशेषतः लॅब्रडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हरची, मूत्रपिंडेच बिघडतात. म्हणजे दुखणे थांबवायला दिलेली गोळी नेमक्या नाजूक जागी घाव घालते. टायलेनॉल, अलीव्हही नकोच. आयोडेक्स चोळाल, तर तो ते चाटणार.

व्हेटने आधी रक्त आणि लघवी तपासली. रक्तात लाइमची प्रतिद्रव्ये सापडली म्हणजे जंतू कधीतरी शरीरात शिरला एवढेच कळते. अशा बहुतेक कुत्र्यांना काहीच होत नाही. लघवीतून प्रथिने जात आहेत का, हे पाहणे म्हणूनच महत्त्वाचे. मोतीची लघवी स्वच्छ होती. त्याला महिनाभर डॉक्सिसायक्लिन, जेवणाबरोबर आणि भरपूर पाण्यासह, आणि थोडे दिवस कारप्रोफेन मिळाले. हे खास कुत्र्यांचे वेदनाशामक, पण तेही यकृत आणि मूत्रपिंडे ठीक असतील तरच, आणि स्टेरॉइडबरोबर कधीही नाही. तिसऱ्या दिवशी स्वारी दारात उभी! तरी अँटिबायोटिकचा कोर्स पुरा करायचा. आणि उलटी, काळी शी किंवा भूक मंदावलेली दिसली, तर वेदनाशामक थांबवून लगेच फोन करायचा. दुखणाऱ्या दिवसांत मऊ अंथरूण, जिने बंद आणि पट्ट्याला धरून छोटी फेरी, एवढे आपल्या हातात असते.

खरा इलाज मात्र रोज संध्याकाळी पाच मिनिटांचा आहे. कान, मान, काखा, बोटांच्या मधल्या जागा चाचपून पाहाव्यात. जंतू कुत्र्यात उतरायला गोचीड साधारण एक ते दोन दिवस चिकटून राहावी लागते. त्याआधी काढली तर धोका बराच टळतो. बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. काडी लावणे, व्हॅसलीन फासणे हे प्रकार नकोत. गोचिडींवरचे औषध बर्फाच्या दिवसांतही चालू ठेवावे, कारण थंडी जरा ओसरली की त्या पुन्हा बाहेर पडतात. लसही आहे, आपल्या कुत्र्याला हवी का, हे व्हेटला विचारावे.

आमच्या औषधांच्या कपाटाच्या दारावर आता व्हेटचा नंबर चिकटवला आहे. तुम्हीही चिकटवा. हात गोळ्यांकडे जाण्याआधी नजर तिथे जाते.