‘रोमन हॉलिडे’ कुणी लिहिला?

‘रोमन हॉलिडे’ सुरू होताना एक पाटी तोऱ्यात सांगते, की या चित्रपटाचं सगळं चित्रीकरण आणि ध्वनिमुद्रण रोममध्येच झालंय. ते खरंच होतं. त्याच श्रेयनामावलीत कथालेखक म्हणून इयन मॅकलेलन हंटर यांचं नाव झळकत होतं. ते मात्र खोटं होतं.

कथा डाल्टन ट्रम्बो यांची. १९४७ मध्ये अमेरिकी संसदेच्या समितीने हॉलिवूडमधले कम्युनिस्ट शोधायला घेतले. ‘पक्षाचे सभासद आहात का?’ या प्रश्नाला ट्रम्बोंसह दहा जणांनी सरळ उत्तर द्यायचं नाकारलं. तो संसदेचा अवमान ठरला आणि १९५० मध्ये ट्रम्बो तुरुंगात गेले. स्टुडिओंनी त्यांना काळ्या यादीत टाकलं होतं. पण घर तर चालायला हवं होतं. हंटर हे त्यांचे मित्र. त्यांनी कथेवर आपलं नाव घातलं आणि मिळालेले पैसे ट्रम्बोंकडे पोचते केले. हंटर नुसतेच नावाचे धनी होते, असंही नाही. पटकथेवर त्यांनी स्वतः काम केलं, नंतर जॉन डायटन यांनीही केलं. पुढे हंटरही काळ्या यादीत गेले. राजकन्या नाव लपवून शहरभर भटकते आणि पत्रकार तिच्यापासून आपला धंदा लपवतो, अशी ही गोष्ट. ती लिहिणाराच लपलेला होता.

चित्रपट आधी फ्रँक काप्रा करणार होते. ते बाजूला झाले आणि विल्यम वायलर आले. त्यांनी रोमचा हट्ट धरला. पॅरामाउंटलाही ते सोयीचं होतं, कारण इटलीत झालेली कमाई तिथल्या निर्बंधांमुळे सहज बाहेर नेता येत नव्हती. ती तिथेच खर्च झालेली बरी. तरी हात आखडता होताच. त्यामुळे चित्रपट कृष्णधवल झाला. १९५२ च्या उन्हाळ्यात भर रस्त्यावर कॅमेरे लागले. छायालेखक फ्रान्झ प्लॅनर आजारी पडले, तेव्हा उरलेलं काम हेन्री अलेकान यांनी पुरं केलं. नामावलीत दोघांचीही नावं आहेत.

नायिकेची निवड लंडनजवळच्या पाइनवुड स्टुडिओत झाली. सप्टेंबर १९५१ मध्ये ऑड्री हेपबर्नची चाचणी घेतली थोरोल्ड डिकिन्सन यांनी. प्रसंग संपल्यावरही कॅमेरा चालूच ठेवायचा, अशी वायलर यांची सूचना होती. ‘कट’ ऐकून ऑड्री सैलावली, मोकळेपणाने बोलू-हसू लागली आणि तेच नेमकं फिल्मवर उतरलं.

ग्रेगरी पेक तेव्हा बडा तारा होता. करारानुसार चित्रपटाच्या नावाच्या वर त्याचं एकट्याचंच नाव यायचं होतं. ऑड्रीचं काम पाहिल्यावर त्यानेच आग्रह धरला, की तिचंही नाव आपल्या बरोबरीने लावा. हिला ऑस्कर मिळणार आणि आपण वेडे ठरणार, असा त्याचा हिशेब होता. हिशेब अचूक निघाला. तरी नव्या मुलीसाठी आपली जागा सोडणारे नायक किती?

एकेक प्रसंग चाळीस-चाळीस वेळा घेतो म्हणून वायलर बदनाम होते. पण ‘सत्याचं मुख’ या दगडी मुखवट्यासमोरचा प्रसंग एकाच टेकमध्ये झाला. खोटं बोलणाऱ्याचा हात तो तोंड मिटून तोडतो, अशी दंतकथा. पेकने वायलरना विचारून हात कोटाच्या बाहीत ओढून घेतला. ऑड्रीला यातलं काहीच माहीत नव्हतं. पडद्यावरची तिची किंकाळी खरी आहे. निरोपाच्या प्रसंगात मात्र तिला रडूच येईना. वायलरनी चांगलं झापलं, तेव्हा आलं.

१९५४ च्या सोहळ्यात ‘रोमन हॉलिडे’ला तीन ऑस्कर मिळाले: ऑड्रीला अभिनयाचं, ईडिथ हेडला वेशभूषेचं आणि कथेचं हंटर यांना. ट्रम्बो १९७६ मध्ये वारले. कथेचं ऑस्कर त्यांच्या नावे झालं ते १९९३ मध्ये. बाहुली स्वीकारली त्यांच्या पत्नी क्लिओ यांनी. पटकथेचं श्रेय तरीही बाकी होतं. त्यासाठी झटले दोन मुलगे, ट्रम्बोंचा क्रिस्तोफर आणि हंटर यांचा टिम. लेखक संघटनेने डिसेंबर २०११ मध्ये ट्रम्बोंचं नाव अधिकृतपणे नामावलीत घातलं. क्रिस्तोफर त्याच वर्षीच्या जानेवारीत वारला होता.