अक्षरांशीं झुंजणारे प्रौढ

ज्याला धड वाचतां येत नाहीं त्याला बुद्धिच कमी, हा समज फार जुना आहे. १८९६ सालीं प्रिंगल मॉर्गन या इंग्रज डॉक्टरानें चौदा वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. मुलगा चलाख होता, गणिताची त्याला आवड होती, दृष्टींतहि दोष नव्हता. परंतु अगदीं साधे शब्दहि त्याला वाचतां येत नसत. शिक्षण सर्वस्वी तोंडीं असतें तर हाच मुलगा शाळेंत पहिला आला असता, असें त्याच्या मास्तरांचें मत होतें. हें वैगुण्य डोळ्यांत नसून अक्षर आणि ध्वनि यांची सांगड घालणाऱ्या मेंदूच्या व्यापारांत आहे, हें पुढें हळूहळू उलगडत गेलें. आज त्यास डिस्लेक्सिया म्हणतात. लेखनांतील अशा अडचणीस डिसग्राफिया हें नांव आहे.

हें वैगुण्य वयाबरोबर नाहींसें होत नाहीं. देवनागरींत बहुतेक जसें लिहावें तसेंच वाचावयाचें असल्यामुळें मराठींत असा मनुष्य कसाबसा निभावून नेतो. वाचन बिनचूक होतें, पण फार मंद. भ आणि म, घ आणि ध यांची गल्लत होते, जोडाक्षरें अडवितात, ऱ्हस्वदीर्घ तर हातीं लागतच नाहींत. कचेरींत इंग्रजीशीं गांठ पडली म्हणजे एका अक्षराचे तीन उच्चार! मग तो कागद 'घरीं नेऊन पाहतों' म्हणतो, चष्मा विसरल्याची सबब सांगतो, आणि बढतीबरोबर टिपणें लिहिण्याचें काम वाढणार असेल तर बढतीहि नाकारतो. याला लोक आळस म्हणतात.

भारतांत २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानें विशिष्ट अध्ययन-अक्षमतेस प्रथमच स्थान दिलें. वाजवी सोय करून न देणें हा त्या कायद्याच्या दृष्टीनें भेदभाव ठरतो. परंतु दाराशीं उभ्या असलेल्या पर्यवेक्षकास कायदा ठाऊक नसेल तर काय होतें, तें २०२१ मध्यें दिसून आलें. वैद्यकीय प्रवेशपरीक्षेंत डिसग्राफिया असलेल्या एका विद्यार्थिनीस तिच्या हक्काचा एक तास मिळाला नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें परीक्षा पुन्हा घ्यावयास लावली नाहीं. मात्र दोष परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या माथीं ठेवून तिला उपाय शोधण्यास फर्माविलें.

नोकरींत तर परीक्षेसारखा ठरलेला नियमहि नसतो. वास्तविक लागणाऱ्या सोयी किरकोळ आहेत: सूचना लेखी देतांना तोंडींहि सांगणें, सभेचे कागद आदल्या दिवशीं देणें, मजकूर वाचून दाखविणारें किंवा बोललेलें लिहून घेणारें संगणकीय साधन वापरूं देणें. खर्च नगण्य. अडचण निराळीच आहे. सोय हवी तर वैगुण्य उघड करावें लागतें, आणि तें उघड करतांच वरिष्ठांची नजर बदलेल अशी धास्ती असते. म्हणून दहावीला जादा वेळ मिळवून देणारें प्रमाणपत्र पुढें कित्येकांच्या घरीं पेटींत पडून राहतें. नोकरीच्या अर्जांत त्याचा उल्लेख नसतो.