बोटभर ऑस्कर फूटभर होतो तेव्हा

दुकानात ऑस्कर मासा दाखवतात तेव्हा तो असतो दीड-दोन इंचांचा. काळ्या अंगावर केशरी नक्षी, मोठे डोळे आणि काचेपाशी बोट नेलं की लगेच पुढे येण्याची सवय. घरात मुलं असतील तर सौदा तिथेच होतो. ‘याला दोन फुटी टाकी पुरेल’ असं दुकानदार सांगतो आणि पहिले दोन-तीन महिने ते खरंही वाटतं.

ऑस्कर मूळचा दक्षिण अमेरिकेतल्या अ‍ॅमेझॉन खोऱ्याचा. माशांच्या सिक्लिड कुळातला. हे नाव परकं वाटलं तरी कुळ आपल्या ताटातलंच आहे. चिलापी याच कुळातली, आणि कोकण-गोव्याच्या खाडीतला कालुंदरही. ऑस्कर पहिल्या वर्षात महिन्याला जवळपास इंचभर वाढतो आणि बाराएक इंचांवर जाऊन थांबतो. लांबी सहापट झाली की शरीराचं आकारमान सहापट होत नाही, ते सुमारे दोनशे पट होतं. म्हणजे दुकानातून पिशवीत आणलेल्या पिलाच्या जागी वर्षभरात तशी दोनशे पिलं मावतील एवढा एक मासा टाकीत असतो. त्याचं खाणं आणि त्याची घाणही त्याच प्रमाणात वाढते.

खरी अडचण जागेची नाही, पाण्याची आहे. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो, टाकीत साठतो. फिल्टरच्या स्पंजवर आणि सिरॅमिकच्या कड्यांवर राहणारे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट. पहिले दोन्ही पदार्थ माशाला विषारी, नायट्रेट त्या मानाने सौम्य. ही जिवाणूंची वसाहत जमायला चार ते सहा आठवडे लागतात. टाकी आज आणली, पाणी भरलं आणि मासा उद्या सोडला, की आठवड्या-दोन आठवड्यांत मासा मरतो. घरात मात्र चर्चा ‘पाणी मानवलं नाही’ किंवा ‘दृष्ट लागली’ अशी होते. पाणी काचेसारखं स्वच्छ दिसत असतानाही त्यात अमोनिया असू शकतो, तो डोळ्यांना दिसत नाही. तपासणीचं किट त्यासाठीच घ्यायचं.

या जिवाणूंचा बळी बहुतेक वेळा स्वच्छतेच्या हौसेपायी जातो. फिल्टरचा स्पंज नळाखाली खळखळून धुतला की नळाच्या पाण्यातलं क्लोरीन त्यांना मारतं. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात नुसता पिळावा. सगळं पाणी एकदम कधीच बदलू नये. आठवड्याला पाव ते एक तृतीयांश पाणी बदलावं आणि नवं पाणी क्लोरीन काढूनच घालावं. वीज तासन्‌तास जाते तिथे बॅटरीवरचा हवेचा पंप हवाच, कारण प्राणवायूशिवाय फिल्टरमधले जिवाणूही गुदमरतात.

एका मोठ्या ऑस्करला किमान चार बाय दीड बाय दीड फुटांची टाकी लागते. त्यात सुमारे अडीचशे लिटर, म्हणजे अडीचशे किलो पाणी. काच आणि स्टँडचं वजन वेगळं. जुन्या इमारतीत राहणाऱ्यांनी ही टाकी खोलीच्या मधोमध न ठेवता भिंतीलगत, तुळईच्या आधाराने ठेवावी. जोडी पाळायची तर पाच बाय दोन बाय दोन फूट तरी हवेत. एवढी जागा नसेल तर ऑस्कर घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. गप्पी किंवा मोली कमी देखणे नाहीत.

घरच्यांच्या तब्येतीचाही भाग आहे. पाणी काढताना नळी तोंडाने ओढायची सवय सोडून द्या, हातपंप स्वस्तात मिळतो. हाताला जखम असेल तर टाकीत हात घालू नका. पाण्यातला एक मायकोबॅक्टेरियम जिवाणू जखमेतून शिरला तर काही आठवड्यांनी बोटावर न भरणारी गाठ उठते आणि औषधं महिनोन्‌महिने घ्यावी लागतात. अशी गाठ दाखवायला गेलात तर घरी मासे पाळल्याचं डॉक्टरांना आवर्जून सांगा, एरवी ते विचारतीलच असं नाही.

आता पिलावळीबद्दल. ऑस्करमध्ये नर-मादी वरून ओळखता येत नाहीत, म्हणून हौशी मंडळी पाच-सहा पिलं एकत्र वाढवून त्यांना आपापली जोडी जमवू देतात. जमलेली जोडी तोंडात तोंड अडकवून झटापट करते, मग एखादा सपाट दगड चाटून-पुसून लख्ख करते आणि त्यावर हजार-दीड हजार अंडी घालते. दोघंही आळीपाळीने पहारा करतात, परांनी वारा घालतात, बुरशी धरलेली पांढरी अंडी वेचून काढतात. तीनेक दिवसांत अंडी फुटतात, आणखी चार-पाच दिवसांनी पिलं पोहू लागतात. पहिल्या खेपेला आई-बापच अंडी खाऊन टाकतात, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पाहण्यासारखा प्रकार आहे हे खरं.

पण त्या हजारांपैकी दोनशे जगली तरी ती ठेवणार कुठे? दुकानदार थोडीफार घेतो, ओळखीचे दोन-चार घेतात. उरलेली, आणि पुढे टाकीत न मावणारा मोठा मासाही, ‘मोकळा केला’ म्हणून गावच्या तळ्यात किंवा नदीत सोडला जातो. सोडणाऱ्याला पुण्य केल्यासारखं वाटतं. अमेरिकेत फ्लोरिडाच्या कालव्यांमध्ये ऑस्कर असाच बाहेरून येऊन स्थिरावला आहे. आपल्याकडे चिलापी १९५२ मध्ये खाण्यासाठी मुद्दाम आणली, आज ती धरणा-तलावांतून हटवणं कुणालाच शक्य नाही. ऑस्कर तर तोंडात मावेल तो लहान मासा गिळतो, तळ्यातल्या देशी माशांची पिलंसुद्धा.

म्हणून पिलं कोण घेणार हे आधी ठरलं नसेल, तर अंडी घातल्यावर दुसऱ्याच दिवशी तो दगड बाहेर काढून उन्हात वाळवा आणि धुऊन परत ठेवा. जोडी महिन्याभरात पुन्हा अंडी घालेल.