भिंतीवरचा डबा आणि पाच वायरी

अमेरिकेतल्या फॉल इनटेकची ॲडमिशन पक्की झाली, व्हिसाचा स्टॅम्प बसला, की घरोघरी याद्या सुरू होतात. तीन लिटरचा कुकर, थालीपीठाची भाजणी, गोडा मसाला, थर्मल्सचे दोन जोड, प्लगचे अडॅप्टर. सीनियर्सच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सिम कार्डापासून केस कुठे कापायचे इथपर्यंत सगळं ज्ञान फुकट मिळतं. पण तिकडे जे घर तुम्ही चौघांत मिळून भाड्याने घेणार आहात, त्याच्या हॉलच्या भिंतीवर तळहाताएवढा एक डबा असेल आणि नोव्हेंबर उजाडला की घरातली निम्मी भांडणं त्याच्यावरून होतील, हे मात्र कुणी सांगत नाही. (सोलापूरकराला हुडहुडी भरलेली, नाशिककराला गुदमरतंय आणि बिल चौघांत सारखं. पुढचं तुम्हीच इमॅजिन करा.)

त्या डब्याला थर्मोस्टॅट म्हणतात. तो बंद पडला तर काय बघायचं, बदलायची वेळ आली तर मागच्या वायरी कशा जोडतात आणि कधी त्याला हातच लावायचा नाही, हे विमानात बसण्याआधी माहीत असलेलं बरं. कारण तिकडे खिडकीतून हाक मारली की येणारा कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन काका नसतो. टेक्निशियन अपॉइंटमेंट घेऊन येतो आणि नुसतं दारात येऊन उभं राहण्याचेही डॉलर लावतो.

आधी घराची रचना समजून घ्या. आपल्याकडे एसी म्हणजे एका खोलीला एक यंत्र आणि एक रिमोट. गरम म्हणून काही असेल तर तो बाथरूममधला गीझर. तिकडे बहुतेक घरांत तळघरात किंवा कपाटासारख्या कोनाड्यात एक फर्नेस असते, बाहेर अंगणात एसीचं मोठं युनिट असतं आणि तिथून डक्टमधून सगळ्या खोल्यांना हवा जाते. या दोघांना ‘चालू हो’ आणि ‘थांब’ एवढंच सांगायचं काम थर्मोस्टॅटचं. तो स्वतः काहीही गरम करत नाही की थंड करत नाही. तो एक स्विच आहे, बस. फक्त हा स्विच दाबायला बोट लागत नाही, खोलीचं तापमान लागतं.

घरच्या इस्त्रीतून मधेच ‘टक्’ आवाज येतो आणि लाल दिवा विझतो ना, तेच तत्त्व. दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना घट्ट जोडलेल्या असतात. तापल्या की एक जास्त पसरते, जोडपट्टी वाकते आणि कनेक्शन तुटतं. जुन्या थर्मोस्टॅटमध्ये अशाच पट्टीची गुंडाळी असायची. हेन्री ड्रायफस यांनी डिझाइन केलेला हनीवेलचा गोल थर्मोस्टॅट १९५३ साली आला आणि जुन्या घरांत तो अजूनही दिसतो. आता पट्टीच्या जागी इलेक्ट्रॉनिक सेन्सर आलाय. २०११ मध्ये नेस्ट आला आणि मोबाइलवरून तापमान बदलण्याची फॅशनही आली. काम मात्र तेच, जोडायचं आणि तोडायचं.

आणि गंमत म्हणजे विजेच्या थर्मोस्टॅटची कल्पना एका वैतागलेल्या प्राध्यापकाची! विस्कॉन्सिनमधल्या व्हाइटवॉटरला शिक्षक घडवणाऱ्या कॉलेजात वॉरन जॉन्सन शिकवायचे. वर्गात थंडी आहे की उकडतंय हे बघायला शिपाई सारखा आत यायचा आणि मग तळघरात जाऊन झडपा हलवायचा. लेक्चरचा पार बट्ट्याबोळ. (आपण असतो तर शिपायाला चहा पाजला असता.) सरांनी तापमान बदललं की तळघरात घंटा वाजेल असं यंत्र बनवलं, १८८३ मध्ये त्यांना पेटंट मिळालं, आणि त्यातूनच पुढे जॉन्सन कंट्रोल्स ही बडी कंपनी उभी राहिली.

‘हा फक्त स्विच आहे’ हे डोक्यात बसलं की एक मोठा गैरसमज आपोआप निघतो. बर्फातून कुडकुडत आलेली मंडळी थेट ८५ सेट करतात. (तिकडे सगळं फॅरनहाइटमध्ये, ६८ म्हणजे आपले २०.) घर लवकर तापेल असं वाटतं. पण साधी, एकाच जोराने चालणारी फर्नेस ८५ ऐकून जास्त पेटत नाही. ती त्याच वेगाने चालते, फक्त वेळेवर थांबत नाही. घरात हीट पंप असेल तर आणखी महागात पडतं. तापमानात एकदम मोठी उडी मागितली की पंपाच्या मदतीला विजेची हीटिंग कॉइल सुरू होऊ शकते, आणि मग बिल बघून घाम फुटतो.

आता त्या वायरी. डबा भिंतीवरून काढला की मागे फोनच्या वायरीसारख्या बारीक, रंगीत तारा दिसतात. प्रत्येक तार एका अक्षराखाली खोचलेली. आर म्हणजे पुरवठा. फर्नेसजवळचा ट्रान्सफॉर्मर घरातल्या १२० व्होल्टचे २४ करतो आणि ते आरवरून येतात. डब्ल्यू हीटिंगसाठी, वाय कूलिंगसाठी, जी पंख्यासाठी. खोली गार पडली की थर्मोस्टॅट आर आणि डब्ल्यू आतल्या आत जोडतो, तिकडे फर्नेस पेटते. उकडलं की आरला वाय आणि जी जोडतो. झालं! एवढाच चमत्कार.

पाचवी तार सी. ही परतीची वाट. जुन्या किंवा बॅटरीवर चालणाऱ्या थर्मोस्टॅटला तिची गरज नसायची. पण वायफायवाल्याला चोवीस तास वीज लागते आणि ती मिळायला सर्किट पूर्ण व्हावं लागतं, म्हणून सी. सेलमध्ये स्मार्ट थर्मोस्टॅट घेऊन येणारे बरेच जण इथेच अडकतात, कारण भिंतीतून चारच तारा आलेल्या असतात. नीट बघा. पाचवी तार कधी कधी वापरात नसल्यामुळे मागेच गुंडाळून ठेवलेली असते. मात्र ती नुसती थर्मोस्टॅटला खोचून चालत नाही, तिचं दुसरं टोक फर्नेसच्या बोर्डावर सीलाच जोडलेलं हवं. तारच नसेल तर अडॅप्टर मिळतात. काही मॉडेल सीशिवायही चालतात, ते खोक्यावर वाचूनच घ्या.

माझा मावसभाऊ ओहायोत शिकतो. गेल्या जानेवारीत त्यांच्या घरचा थर्मोस्टॅट एका रात्री काळाठिक्कर पडला. बाहेर बर्फ, घरमालकाचा फोन व्हॉइसमेलवर. चौघं स्वयंपाकघरात जॅकेट घालून बसले. दादाने फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला. मावशीचा रिप्लाय : हळद-दूध घे. तेवढ्यात एका रूममेटने आयडिया काढली, गॅसचा ओव्हन लावून दार उघडं ठेवू. दुसऱ्याने त्याला जवळजवळ ढकलूनच बाजूला केलं, आणि बरं केलं. बंद घरात गॅस असा जळत ठेवला तर कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला वास नाही, रंग नाही. झोपेतच माणूस जातो. त्याचा अलार्म घरात आहे का आणि तो वाजतो का, हे राहायला गेल्याच्या पहिल्याच दिवशी तपासा.

स्क्रीन काळी म्हणजे थर्मोस्टॅट गेला असंच नसतं. सगळ्यात आधी बॅटऱ्या बदलून बघायच्या. अनेक मॉडेलमध्ये दोन साधे पेन्सिल सेल असतात. मग ब्रेकर पडलाय का ते. मग फर्नेसजवळचा स्विच. तो दिसायला अगदी दिव्याच्या बटणासारखा असतो आणि साफसफाई करताना कुणीतरी तो सहज बंद करून जातं. फर्नेसचं झाकण नीट बसलेलं नसेल तरी आतलं सेफ्टी बटण वीज तोडतं. दादाच्या घरी हे सगळं करून झालं, उपयोग शून्य. रात्र दोन रजया आणि एका छोट्या हीटरवर निघाली.

सकाळी मालकाने माणूस पाठवला. त्याने वीज बंद केली, डबा काढला, लाल आणि पांढऱ्या तारेची टोकं एकमेकांना जोडली, वीज सुरू केली. तळघरात फर्नेस घुरघुरली! म्हणजे फर्नेस ठणठणीत, स्विच गेलेला. दादा सांगतो, तोपर्यंत त्याला हे प्रकरण रॉकेट सायन्स वाटत होतं. दोन तारा जुळल्या आणि घर तापायला लागलं, हे डोळ्यांनी बघितल्यावर त्याने त्या माणसाच्या शेजारी उभं राहून पुढचं सगळं बघून घेतलं.

बदलायची पद्धत अशी. पहिली पायरी पान्याची नाहीच, ईमेलची. घर भाड्याचं, थर्मोस्टॅट मालकाचा. लेखी परवानगीशिवाय हात लावलात आणि काही बिघडलं, तर डिपॉझिटमधून कापलं जाईल. परवानगी मिळाली की ब्रेकर आणि फर्नेसचा स्विच, दोन्ही बंद. २४ व्होल्टचा झटका जिवावर बेतत नाही, पण चालू विजेत आर आणि सी एकमेकांना चिकटले तर फर्नेसच्या बोर्डावरचा फ्यूज उडतो, आणि फ्यूज नसेल तर ट्रान्सफॉर्मर जळतो. मग गारठत बसा. झाकण काढल्यावर एकही तार सोडवण्याआधी फोटो काढा, जवळून आणि नीट उजेडात. प्रत्येक तारेला ती ज्या अक्षराखाली होती त्याची चिठ्ठी लावा. रंगावर विश्वास ठेवू नका! लाल आरला आणि पांढरी डब्ल्यूला असा रिवाज आहे, पण तो रिवाजच. आधीच्या माणसाने हातात आली ती तार लावलेली असू शकते. आणि हो, तारा पेन्सिलीभोवती गुंडाळून ठेवा. नाहीतर त्या भिंतीच्या भोकातून आत पडतात आणि मग शोधत बसावं लागतं.

मग नवा बेस भिंतीला, जुन्या अक्षराची तार नव्या त्याच अक्षराखाली. जुन्यावर आरएच आणि आरसी यांच्यामध्ये छोटी तार जोडलेली असेल तर नव्यात ती लागते का, हे मॅन्युअलमध्ये बघा. उघडं तांबं टर्मिनलच्या बाहेर दिसता कामा नये. भिंतीतलं भोक मोठं असेल तर ते बुजवा, कारण आतून येणारा गार झोत सेन्सरला लागला की खोली तापलेली असूनही त्याला थंडीच वाटते. वीज सुरू केल्यावर आधी हीटिंग तपासा. कूलिंगची चाचणी ऐन थंडीत नको, बाहेरच्या कॉम्प्रेसरला ते सोसत नाही. उन्हाळ्यात बटण दाबून एसी लगेच सुरू झाला नाही तरी घाबरू नका. कॉम्प्रेसर जपण्यासाठी बरेच थर्मोस्टॅट पाचेक मिनिटं मुद्दाम थांबतात.

दोन ठिकाणी मात्र तुमचं इंजिनीअरिंग खिशात ठेवा. झाकण काढल्यावर बारीक तारांऐवजी जाडजूड वायरी आणि त्यावर प्लास्टिकच्या टोप्या दिसल्या, तर तो १२० किंवा २४० व्होल्टचा थर्मोस्टॅट आहे. भिंतीलगतच्या विजेच्या हीटरला असा असतो. साधा स्मार्ट थर्मोस्टॅट त्याला चालत नाही आणि हा झटका जीव घेऊ शकतो. झाकण परत लावा, इलेक्ट्रिशियनला बोलवा. दुसरं, ओ किंवा बी लिहिलेली तार दिसली तर घरात बहुधा हीट पंप आहे. तिथे सेटिंग उलटं झालं की गरम मागितल्यावर गार हवा येते. मॉडेलची माहिती हाताशी नसेल तर तिथेही जाणकारच हवा.

दुरुस्ती रखडलीच तर नियम तुमच्या बाजूने आहेत का ते बघा. शिकागोत घर तापवण्याची जबाबदारी घरमालकाची असेल तर १५ सप्टेंबर ते १ जून दिवसा किमान ६८ आणि रात्री ६६ अंश राखणं त्याला बंधनकारक आहे. न्यूयॉर्कमध्ये १ ऑक्टोबर ते ३१ मे या काळात बाहेरचं तापमान ५५च्या खाली गेलं की दिवसा ६८, आणि रात्री बाहेर काहीही असो, घरात ६२ हवंच. (तिकडच्या जुन्या इमारतींत वाफेचे रेडिएटर असतात आणि फ्लॅटमध्ये थर्मोस्टॅट सापडतच नाही, तोही अनुभव घ्याल.) प्रत्येक शहराचा नियम वेगळा. लीजवर सही करण्याआधी गूगल करा, आणि तक्रार फोनवर नको, लेखीच करा.

पैशांचं गणित रूममेट्सना ऐकवण्यासाठी : अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या हिशेबाने नेहमीच्या सेटिंगपेक्षा ७ ते १० अंश फॅरनहाइट खाली (उन्हाळ्यात वर), तेही रोज आठ तास, ठेवलं तर वर्षाच्या हीटिंग-कूलिंगच्या खर्चात १० टक्क्यांपर्यंत बचत होते. सगळे कॉलेजात असताना रिकामं घर तापवण्यात काय अर्थ आहे? आपल्याकडेही २०२० पासून स्टार रेटिंगचे रूम एसी सुरू होताना २४ अंशांवरच सुरू होतात, त्यामागे हाच विचार आहे.

काढलेला जुना थर्मोस्टॅट कचऱ्यात टाकू नका. तो मालकाचा आहे, घर सोडताना कदाचित तोच परत लावावा लागेल. खोक्यात घालून वर ‘थर्मोस्टॅट, हॉल’ लिहा आणि कपाटात ठेवा. आत काचेची छोटी कुपी आणि तिच्यात चंदेरी थेंब दिसला तर तो पारा. खोकं आडवंतिडवं हाताळू नका, कुपी फुटू देऊ नका आणि मालकाला नको असेल तर ते गावातल्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर नेऊन द्या.