मंगळाचा पंचनामा

ताडकळसच्या पंचक्रोशीत आजही सोयरीक ठरवताना मुलीच्या पत्रिकेतला मंगळ पाहणारे आहेत. मंगळ निघाला की दोष मुलीच्या माथी. पुरावा कोणी मागत नाही.

त्याच मंगळावर ऑगस्ट २०१२ मध्ये नासाची 'क्युरिऑसिटी' ही गाडी उतरली. तिथे कधीकाळी जीव तग धरू शकला असता काय, हा तिच्यापुढचा प्रश्न. फेब्रुवारी २०१३ मध्ये तिने गेल विवरातला खडक ड्रिलने कोरला. एका उपकरणाने भुकटीतील खनिजे क्ष-किरणांनी ओळखली. दुसऱ्याने भुकटी भट्टीत तापवून निघालेले वायू तपासले. चिकणमातीची खनिजे सापडली. कार्बन, नायट्रोजन, गंधक, फॉस्फरसही सापडले. तिथले पाणी फार खारट वा आम्लयुक्त नव्हते, सूक्ष्मजीव जगू शकले असते, असा निष्कर्ष मार्चमध्ये जाहीर झाला. 'जीव होते' असे मात्र शास्त्रज्ञ म्हणाले नाहीत. तेवढा पुरावा नव्हता.

आम्ही वकील यालाच चौकशी म्हणतो. दगडाला जी चौकशी मिळते, ती आमच्या लेकींना का नाही? वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१क (ज) नुसार प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य आहे. बांधवांनो, पत्रिका पुढे करणाऱ्याला एकच विचारा : पुरावा काय?